उणे तीस अंशांच्या थंडीत खुराडे गरम करावे का, आणि करायचे तर सुरक्षितपणे कसे?

शेवंती (डुलुथजवळ, मिनेसोटा)

नमस्कार. आम्ही मूळचे साताऱ्याचे, आणि गेल्या एप्रिलमध्ये पहिल्यांदाच सहा कोंबड्यांची पिल्ले आणली. चार प्लिमथ रॉक आणि दोन पांढऱ्या लेगहॉर्न आहेत. सप्टेंबरपासून अंडी मिळू लागली. अंगणात घरापासून चाळीस फुटांवर सहा बाय आठ फुटांचे, सहा फूट उंचीचे लाकडी खुराडे आहे आणि जमिनीवर पाइनच्या भुशाचा चार बोटे थर आहे.

थंडी सुरू झाल्यावर आम्ही साऱ्या फटी बंद केल्या. छपराखालच्या झरोक्यांत फोम कोंबला, जाळीवर प्लास्टिक ताणून बसवले आणि दारालाही आतून घोंगडी लावली. तरीही संक्रांतीच्या आठवड्यात बाहेर उणे २४ अंश सेल्सिअस असताना एका लेगहॉर्नच्या तुऱ्याची तीन टोके सकाळी पांढरीफटक दिसली आणि दोन दिवसांत काळी पडली. खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूने नखाएवढ्या जाडीचे दहिवर जमलेले असते. ते खरवडले की हातात ओला बर्फ येतो.

म्हणून यजमानांनी चिमट्याने अडकवायचा २५० वॉटचा लाल दिवा आणला आणि कोंबड्या रात्री बसतात त्या दांडीच्या वर आडव्या लाकडाला लावला. चौथ्या रात्री दोनच्या सुमारास मला सहज जाग आली, तेव्हा खुराड्यातला लाल उजेड नेहमीच्या जागी नव्हता, खाली होता. आम्ही धावत गेलो. चिमटा निसटून दिवा वायरीला लोंबकळत भुशाच्या जेमतेम चार इंच वर आला होता आणि त्याखाली ताटाएवढे वर्तुळ करपून तपकिरी-काळे झाले होते. कोंबड्या उलट कोपऱ्यात एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. तो करपलेला वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. तेव्हापासून दिवा बंद आहे, पण पुढच्या आठवड्यात उणे ३० च्या खाली पारा जाईल असा अंदाज आहे आणि मला रात्री झोप लागत नाही.

शेजारच्या एका गृहस्थांनी प्रोपेनचा लहान हीटर सुचवला आहे. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. खुराडे गरम करणे मुळात आवश्यक आहे का? असल्यास आग लागू न देता ते कसे करावे? आणि सारे बंद करूनही तुरा का गोठला? कृपया अनुभवींनी सविस्तर लिहावे.

रानवाट (विनिपेगच्या बाहेर, मॅनिटोबा)

शेवंतीताई, दिवा काढलात हे फार चांगले केलेत, तो पुन्हा लावू नका. तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्या दोहोंचे उत्तर त्यातच दडलेले आहे. तुरा सारे बंद करूनही गोठला असे तुम्हाला वाटते. माझ्या मते तो सारे बंद केल्यामुळेच गोठला.

कोंबडीच्या शरीराचे तापमान साधारण ४१ अंश असते आणि पिसांच्या आत कोंडलेली हवा हीच तिची रजई असते. ती रजई कोरडी आणि फुगलेली राहिली तर प्रौढ, निरोगी, पूर्ण पिसांची कोंबडी उणे २५ मध्येही रात्र काढते. तुरा, चोचीखाली लोंबणारे लाल मांस आणि पायांची बोटे यांवर मात्र पिसे नसतात, आणि त्यांच्यावर ओलावा बसला की तो तेथेच गोठतो. हा ओलावा येतो कोठून? एक कोंबडी हिवाळ्यात दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते आणि त्यातील बहुतेक श्वासावाटे व विष्ठेवाटे बाहेर टाकते. ताज्या विष्ठेत तीन-चतुर्थांश पाणीच असते. म्हणजे सहा कोंबड्या रोज लिटरभर तरी पाणी त्या बंद खोलीत सोडतात.

आता तुमच्या खुराड्याचा हिशेब करा. सहा बाय आठ बाय सहा म्हणजे सुमारे आठ घनमीटर हवा. शून्य अंशाची हवा एका घनमीटरमागे जवळपास पाच ग्रॅम बाष्प धरू शकते, उणे दहाची त्याच्या निम्मे आणि उणे पंचवीसची तर एका ग्रॅमहूनही कमी. आत उणे दहा असेल, तर तुमच्या सगळ्या खुराड्यातील हवा एका वेळी वीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चार चहाचे चमचे पाणी सामावून घेते. उरलेले सारे काचेवर, भिंतीवर, भुशात आणि तुऱ्यावर बसते. काचेवरचे ते दहिवर म्हणजे खुराड्याने तुम्हाला दिलेला इशाराच आहे. याच गणिताची दुसरी बाजू अशी की बाहेरची कडक थंड हवा अत्यंत कोरडी असते. ती वरून आत आली आणि कोंबड्यांच्या अंगच्या उष्णतेने चार-पाच अंशांनी जरी तापली, तरी ती ओलावा शोषून बाहेर नेते. म्हणून थंडी आत घ्यावी लागते, हे पहिल्या वर्षी कोणाच्याही पचनी पडत नाही; माझ्याही पडले नव्हते.

तेव्हा छपराखालचा फोम आजच काढा. झरोके दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्यापेक्षा बरेच वर, समोरासमोरच्या दोन भिंतींवर हवेत आणि त्यांना अर्ध्या इंचाची लोखंडी जाळी हवी. आमच्याकडे दर कोंबडीमागे एक चौरस फूट झरोका असा ढोबळ अंदाज धरतात. बर्फाच्या वादळात वाऱ्याकडची बाजू मी निम्मी झाकतो, पण दोन्ही बाजू पूर्ण बंद कधीच करत नाही. मात्र झरोका आणि झोत यांत फरक आहे. दांडीच्या उंचीवर हवेचा झोत लागला तर पिसे विस्कटतात आणि रजईच फाटते. तपासण्यासाठी मी एक हलके पीस शिवणाच्या दोऱ्याला बांधून दांडीच्या उंचीवर टांगून ठेवतो. ते स्थिर राहिले पाहिजे आणि छपराजवळ टांगलेले दुसरे पीस मंद डुलत राहिले पाहिजे. खालच्या भिंतीतील फटी बुजवा, तेथे प्लास्टिक राहू द्या. फोम भिंतीला लावायचा असेल तर त्यावर प्लायवूड ठोका, कारण कोंबड्या उघडा फोम टोचून खातात.

दांडी गोल काठीची असेल तर बदला. दोन बाय चार इंचांचे लाकूड रुंद बाजू वर करून बसवले की कोंबडी पाय सपाट टेकवते आणि पोटाची पिसे बोटांवर पसरून बसते. भुसा चार बोटे अगदीच कमी आहे, तो किमान आठ ते दहा इंच करा आणि रोज सायंकाळी मूठभर मका त्यात उधळा, म्हणजे त्या स्वतःच तो उकरून कोरडा ठेवतील. दांडीखाली एक फळी ठेवून त्यावरची विष्ठा रोज सकाळी बाहेर टाका. गोठलेली असल्याने ती खरवडणे पाच मिनिटांचे काम आहे, आणि या एका कामाने ओलावा जितका कमी होतो तितका दुसऱ्या कशानेही होत नाही असा माझा अनुभव आहे. एकदा गुडघ्यावर बसून, कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन वास घ्या. अमोनियाने डोळे चुरचुरले तर हवा खेळत नाही असे समजा.

पाण्याचे भांडे शक्य तर खुराड्याबाहेरच्या झाकलेल्या पडवीत ठेवा. झोपण्यापूर्वी मक्याचे दाणे देऊन गळ्याशी असलेली अन्नाची पिशवी भरलेली राहील असे पाहा, कारण रात्रभर तेच त्यांचे सरपण असते. थंडीत खाद्य वाढते, त्यात काटकसर करू नका.

जातीचाही भाग आहे. क्यूबेकमधील ओका येथील मठात ब्रदर विल्फ्रिड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शान्टेक्लेर ही कोंबडी मुद्दाम कॅनडाच्या हिवाळ्यासाठी तयार केली. तिचा तुरा उशीसारखा डोक्याला चिकटलेला आणि गळ्याखालचे मांस अगदी लहान, त्यामुळे गोठायला तेथे फारसे काही नसतेच. तुमच्या लेगहॉर्न या भूमध्य समुद्राकडच्या, मोठ्या उभ्या तुऱ्याच्या आणि हलक्या अंगाच्या. घरात पहिला फटका त्यांनाच बसणार. प्लिमथ रॉकचा तुरा एकेरी असला तरी लहान असतो आणि अंग भरलेले असते, म्हणून त्या तगल्या.

मी स्वतः पंधरा हिवाळे काढले, एकदाही खुराडे गरम केले नाही. याचे एक कारण आग, आणि दुसरे वीज. वादळात तारा तुटल्या आणि शून्याच्या आसपास राहायची सवय झालेल्या कोंबड्या एका तासात उणे तीसमध्ये आल्या, तर त्यांच्या अंगाला सावरायला वेळच मिळत नाही. शरदापासून हळूहळू थंडी सोसत आलेली कोंबडी अशा रात्री वाचते.

दीपमाळ (मिनियापोलिस)

रानवाट यांनी लिहिलेले जवळपास सारे मला मान्य आहे, पण उष्णता कधीच नको असे मी म्हणणार नाही. ३० जानेवारी २०१९ रोजी येथे पारा उणे २८ फॅरनहाइट, म्हणजे उणे ३३ सेल्सिअसपर्यंत गेला होता आणि वारा सुटलेला होता. त्या रात्री माझ्याकडे पिसे झडून नवी येत असलेली एक कोंबडी होती आणि दुसरी सहा वर्षांची. अशा कोंबड्यांना, आजाऱ्याला आणि मोठ्या तुऱ्याच्या जातींना थोडा आधार देणे मला रास्त वाटते. तो आधार म्हणजे उबदार खोली नव्हे, बाहेरच्यापेक्षा पाच-सात अंश अधिक, इतकाच. मी विजेच्या कामात आयुष्य घालवले आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो.

शेवंतीताई, २५० वॉटचा दिवा वीज फार खातो म्हणून धोकादायक नाही. १२० व्होल्टला तो जेमतेम दोन अँपिअर घेतो. धोका असा की ती सारी उष्णता मुठीएवढ्या काचेत एकवटलेली असते, आणि तो ज्या चिमट्यावर टांगलेला असतो त्याची स्प्रिंग थंडी-उष्णतेच्या फेऱ्यांत सैल पडते. खुराड्यातील हवेत पिसांचा कोंडा आणि भुशाची धूळ सतत उडत असते, ती होल्डरच्या आत जाऊन बसते. कोंबडी उडून एकदा धडकली की पुरे. शिवाय काही दिव्यांच्या काचेवर न फुटण्यासाठी टेफ्लॉनचा थर दिलेला असतो. तो तापला की निघणारा वायू पक्ष्यांना मारतो आणि माणसाला वासही येत नाही. दिवा पिल्लांसाठी परत वापरण्याचा विचार असेल तर खोक्यावरची माहिती नीट वाचा.

प्रोपेनचा किंवा केरोसीनचा हीटर तर नकोच. उघडी ज्वाला आणि भुसा हे एक कारण झाले. दुसरे म्हणजे बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो. तिसरे कारण फारसे कोणाच्या लक्षात येत नाही: ही इंधने जळताना पाणी तयार होते, एक लिटर केरोसीन जळले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने खोलीत येते. ज्या ओलाव्याशी तुम्ही झगडत आहात तोच तुम्ही विकत आणाल.

घ्यायचाच असेल तर भिंतीवर बसवायचा सपाट पॅनेल हीटर घ्या. कोंबड्यांसाठी विकले जाणारे साधारण २०० वॉटचे असतात, पृष्ठभाग मोठा असल्याने हाताला गरम लागतात पण लाकूड करपवत नाहीत. दिवसाला चोवीस तास चालला तर पाच युनिटांच्या आतच वीज लागते. तो पायांवर उभा न ठेवता स्क्रूने भिंतीत घट्ट बसवा, दांडीच्या बाजूला, भुशापासून वर आणि उत्पादकाने सांगितलेले अंतर राखून. घरात वापरायचा १५०० वॉटचा तेलाचा रेडिएटर अनेकजण सुचवतात, पण तो साडेबारा अँपिअर घेतो. पंधरा अँपिअरच्या सर्किटवर सतत चालणारा भार बारा अँपिअरच्या वर जाऊ नये असा नियम आहे, आणि चाळीस फुटांच्या बारीक वायरीवर तर तो मुळीच चालवू नये.

वायर बाहेरच्या वापराची आणि जाड हवी, जोड खुराड्याच्या आत नको, आणि घराकडचा सॉकेट जमिनीत गळती झाल्यास आपोआप तुटणारा असावा. आतली वायर नळीतून न्या, कारण हिवाळ्यात उंदीर उबेला येतात आणि वायर कुरतडतात. दर आठवड्याला वीज बंद करून पॅनेलवरची धूळ कोरड्या फडक्याने पुसा.

थर्मोस्टॅटविषयी, म्हणजे ठरावीक तापमानाला हीटर आपोआप चालू-बंद करणाऱ्या उपकरणाविषयी, एक सूचना. बाजारात २ अंशांना चालू आणि ७ अंशांना बंद होणारे तयार प्लग मिळतात. ते पाण्याच्या भांड्यासाठी ठीक आहेत, खुराड्यासाठी नाहीत, कारण तुमचे खुराडे जानेवारीत २ अंशांवर येणारच नाही आणि हीटर महिनाभर अखंड चालू राहील. तापमान स्वतः ठरवता येईल असा थर्मोस्टॅट घेऊन तो उणे १५ किंवा उणे २० वर लावा, म्हणजे हीटर खरोखर कठीण रात्रीच चालेल, कोंबड्यांची थंडीची सवय मोडणार नाही, आणि वीज गेली तरी रानवाट म्हणतात तसा धक्का बसणार नाही.

द्राक्षबाग (निफाड)

आपल्याकडची थंडी तुमच्यापुढे काहीच नाही. निफाडला पारा चार-पाच अंशांवर आला की द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून आम्ही पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो. पण मी मांसल कोंबड्यांच्या बॅचेस घेतो आणि पिल्लांना ऊब देण्याचे काम दर हिवाळ्यात करतो, म्हणून एक गोष्ट लिहावीशी वाटते. ताई पुढच्या वसंतात पुन्हा पिल्ले आणतील तेव्हा वरचे "ऊब नको" हे उत्तर त्यांनी पिल्लांना लावू नये.

पिल्लाच्या अंगावर लव असते, पीस नसते. पहिल्या आठवड्यात त्याला ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी करत जायचे. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे पाहावे: ती ऊब देणाऱ्या ब्रूडरखाली एकावर एक चढली तर थंडी आहे, चोची उघडून भोवती उभ्या केलेल्या पत्र्याच्या कडेला गेली तर उष्णता जास्त आहे, आणि सगळीकडे सारखी विखरून खात-पीत असली तर ठीक आहे.

हवा बंद करण्याची चूक मीही केली आहे आणि तिची किंमत मोठी होती. एका डिसेंबरात वीज वारंवार जात होती म्हणून मी शेडमध्ये कोळशाची बुखारी पेटवली आणि बारदानाचे पडदे खालपासून वरपर्यंत बांधून टाकले. पहाटे गेलो तर आत ऊब होती, पण आवाज नव्हता. तीनशेहून अधिक पिल्ले मेलेली होती, कोपऱ्यात चेंगरलेली नव्हेत, जागच्या जागी पसरलेली. पशुवैद्यकांनी त्यांतील दोन उघडून दाखवली तेव्हा फुप्फुसे भडक गुलाबी होती. कोळशाच्या वायूने गेली असे त्यांनी सांगितले. त्या दिवसापासून पडद्याची वरची फूटभर पट्टी उघडी राहते, थंडी कितीही असो, आणि बुखारीला धूर बाहेर नेणारी नळी असल्याशिवाय ती पेटत नाही. आमच्या दोनशे चौरस यार्डांच्या शेडला जे लागू आहे ते तुमच्या आठ फुटी खुराड्याला अधिकच लागू आहे, कारण तेथे वायू साठायला वेळच लागणार नाही.

शेवंती

सर्वांचे मनापासून आभार. बारा दिवसांनी लिहिते आहे. फोम त्याच संध्याकाळी काढला, काढताना हात थरथरत होते. भुसा दहा इंच केला, दांडी बदलली, विष्ठेची फळी बसवली आणि पीस टांगले. पहिल्या दिवशी ते सारखे फिरत होते. शोधल्यावर अंडी काढायच्या झाकणाच्या बिजागरीजवळ बोटभर फट सापडली, तिच्यावर रबराची पट्टी ठोकली. पॅनेल हीटर एका परवानाधारक वायरमनकडून बसवून घेतला आणि उणे २० वर लावला. आत ठेवलेल्या यंत्रावर आर्द्रता आधी पहाटे ९० टक्क्यांच्या आसपास असायची, आता ६५ ते ७० असते. काच जवळपास स्वच्छ असते.

परवा रात्री बाहेर उणे ३१ होते. पहाटे पाचला गेले, तर सहाही जणी दांडीवर अंग फुगवून, चोच पाठीच्या पिसांत खुपसून ओळीने बसल्या होत्या. मी बोट हळूच एकीच्या पंखाखाली घातले, तर ते भाजेल की काय इतकी ऊब होती.

एक प्रश्न राहिला. लेगहॉर्नच्या तुऱ्याची काळी टोके आता वाळून कडक झाली आहेत. ती कापून टाकावीत का? पेट्रोलियम जेली लावावी का?

रानवाट

कापू नका आणि चोळू नका. काळे झालेले टोक मेलेले आहे, पण खालचे जिवंत मांस त्याच्या आडोशाने भरून येते. ते आपोआप गळेल, त्याला एखादा महिना लागेल. कापले तर रक्त येईल, नवी जखम उघडी पडेल आणि रक्त पाहून इतर कोंबड्या टोचतील. जेलीविषयी मते वेगवेगळी आहेत. मी लावत नाही, कारण ओलावा नसेल तर तिची गरज पडत नाही आणि ओलावा असेल तर ती पुरत नाही. कडेला सूज आली, पू दिसला, वास येऊ लागला किंवा तिने खाणे कमी केले, तर मात्र पशुवैद्यकांकडे न्या. नेताना तिला घरातल्या गरम खोलीत तासन् तास ठेवू नका. पेटीत भुसा घालून गॅरेजसारख्या गार पण न गोठणाऱ्या जागेत ठेवा, म्हणजे परत खुराड्यात सोडताना तिला पुन्हा थंडी नव्याने शिकावी लागणार नाही.